दोन अंगठ्यांचं पान

तुमच्या दिवाणखान्यातल्या भिंतीवर जे पान छापलेलं आहे, ते कोणत्या झाडाचं, हे तुम्हाला सांगता येईल?

उठून बघायला जाऊ नका. बघून कळणार नाही. मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी आहे, पानाच्या शिरा पाहून त्याचं कुळ ओळखणं हे माझं रोजचं काम, आणि मलासुद्धा त्यातल्या बहुतेक पानांची नावं सांगता येत नाहीत. कारण ती कोणत्याच झाडाची नाहीत.

ऑक्टोबर आला की हा प्रश्न माझ्या डोक्यात भुंग्यासारखा फिरायला लागतो. यंदाही फिरतो आहे. शिकागोत मी राहते त्या रस्त्यावर मेपलची पानं आधी पिवळी, मग केशरी, मग विटकरी होऊन उतरू लागली आहेत. ओल्या फुटपाथला ती चिकटून बसतात. उचलली तरी सिमेंटवर त्यांचा तपकिरी ठसा उरतो. शनिवारी लोक दाताळी घेऊन बाहेर येतात, पानं ओढतात, काळ्या पिशव्यांमध्ये कोंबतात, पिशव्या रस्त्याच्या कडेला लावतात. मग हात धुऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जातात आणि कागदाची पानं विकत आणतात.

त्या दुकानाच्या काचेमागे सध्या भिंतीच्या कागदांच्या गुंडाळ्या उभ्या आहेत. गर्द हिरव्या, वाइनच्या रंगाच्या, मोहरीच्या रंगाच्या. शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्लंडच्या राणीच्या नावाने ओळखली जाणारी ही फुलापानांची नक्षी आता या देशात पुन्हा अंगात आल्यासारखी सगळीकडे पसरली आहे. भिंतीवर वेल, पडद्यावर वेल, दिव्याच्या झालरीवर वेल, आणि टिशूच्या डब्यावरही वेलच. मी तिथून जाताना रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने जाते. मैत्रिणी हसतात. कागदावर कुणी एवढं रागावतं का, म्हणतात. त्यांना न्यू जर्सीतला तो ऑक्टोबर ठाऊक नाही.

रागावणं मला वारशात मिळालं आहे. माझे बाबा सोलापूरच्या गिरणीत होते, आणि गिरणीबाहेर पत्रकं लिहीत. आमच्या दोन खोल्यांत दागिन्यांची पेटी नव्हती, पण पत्रकांचे गठ्ठे खाटेखाली, ट्रंकेवर, देवाच्या फळीवर असत. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावर. मला लिहिता आलेले पहिले शब्द ‘कामगार बंधूंनो’ हे होते. निवेदनाच्या खाली सह्या असत आणि सह्यांच्या खाली अंगठे. ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांचे जांभळ्या शाईतले अंगठे. एकदा मी कुणाचा तरी ठसा पुसट आहे म्हणून हसले, तर बाबांनी पत्रकावर बोट ठेवून सांगितलं, “हसू नको. इथे माणूस उभा आहे.”

अशा घरातून मी अमेरिकेत शिकायला आले आणि राहिले कुठे, तर नखशिखांत नटलेल्या एका घरात.

शैलाकाकू आणि अरविंदकाकांचं ते न्यू जर्सीतलं घर. काका औषधाच्या कंपनीत इंजिनिअर. त्यांच्या वरच्या माळ्यावरच्या उतरत्या छपराच्या खोलीत मी राहायची आणि बदल्यात त्यांच्या मीनलला मराठी वाचायला शिकवायची, म्हणजे मी मराठीत विचारायची आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. घर शंभरेक वर्षांचं, लाकडी. पोर्चच्या खांबांना लाकडाच्या झालरी, कमानीवर कोरलेलं मोठं सूर्यफूल, जिन्याच्या कठड्यावर द्राक्षांचे घोस. काकांनी घेतलं तेव्हा या घरांना कुणी विचारत नव्हतं. सगळ्यांना बुटकी, सपाट, नवी घरं हवी होती. मग वारं फिरलं. गल्लीतली एकेक जुनी घरं गुलाबी-जांभळ्या रंगांत नटू लागली आणि आमच्या घराकडेही लोक मान वर करून पाहू लागले. पोर्चपर्यंत येत, सूर्यफुलाचं कौतुक करत आणि जात. आत कुणी येत नसे.

आत आलं असतं, तर त्यांना आमची भिंत दिसली असती.

समोरच्या खोलीत, आतल्या दाराच्या चौकटीभोवती, साध्या पांढऱ्या भिंतीवर सोनेरी पानं होती. काकू इथे आल्या त्या पहिल्या दसऱ्याला त्यांना सोनं वाटायला आपटा मिळाला नाही. कुठून मिळणार? तेव्हा जवळच्या आयसेलिन गावात आपली दुकानंसुद्धा नव्हती. मेपलची पानं देऊन पाहिली, तर ती संध्याकाळपर्यंत चुरा होऊन गालिच्यात गेली. मग काकूंनी लहान मुलांच्या रंगपेटीतला सोनेरी रंग बशीत काढला, दोन्ही अंगठे त्यात बुडवले आणि भिंतीवर शेजारी-शेजारी, खाली टोकं जुळवून टेकवले. आपट्याचं पान झालं.

खरंच होतं. करून बघा. आपट्याचं पान असंच असतं, वरून दुभंगलेलं आणि देठाशी एक झालेलं. मी ती भिंत पहिल्यांदा पाहिली तेव्हा कुळासकट ओळखली. आणि मग लक्षात आलं की त्या पानांच्या शिरा म्हणजे माणसांच्या अंगठ्यांवरच्या रेषा आहेत. त्यानंतर दर दसऱ्याला घरी जो येईल त्याने सोनं द्यायचं ते भिंतीला, अशी त्या घराची रीतच पडली. काकूंच्या आई एका उन्हाळ्यात आल्या आणि दसऱ्यापर्यंत राहिल्या. त्यांचं पान चौकटीच्या उजव्या खांद्यावर होतं, एक अंगठा संधिवाताने वाकडा, म्हणून एक बाजू तिरकी. त्या परत गेल्या आणि पुढच्या वर्षी वारल्या. काकूंना जाता आलं नाही. मीनलची पानं गालिच्याच्या काठापासून सुरू व्हायची आणि वर चढत जायची; पहिलं वाटाण्याएवढं, मग दर वर्षी जरा मोठं, जरा वर. वाणसामान आणून देणारे काका, कुणाकडे बाळंतपणाला आलेल्या आज्या, दोन दिवसांसाठी उतरलेले विद्यार्थी, सगळे त्या भिंतीवर होते. मला तर ते बाबांच्या निवेदनासारखंच वाटे. मागणी कोणती, तेवढं लिहायचं राहिलं होतं.

त्या वर्षी पानं रंग बदलायला लागली आणि डोरोथी आली. डोरोथी गल्लीच्या शेवटी राहायची, निवृत्त शिक्षिका, ताठ कण्याची, हसऱ्या डोळ्यांची. ऑक्टोबरात गल्लीतली निवडक जुनी घरं लोकांना आतून दाखवायची, असं तिच्या जुनी घरं जपणाऱ्या मंडळाने ठरवलं होतं, आणि आमचं घर त्यात असावं असं तिला वाटत होतं. ती वाईट बाई नव्हती. भिंतीच्या तळाची कोरलेली फळी बघायला ती गुडघ्यांवर बसली आणि तिने ती फळी अशी कुरवाळली, की मला क्षणभर ती आवडली. मग ती उठली आणि तिला सोनेरी पानं दिसली. तिने चष्मा वर केला आणि विचारलं, हे काय आहे, कुणी केलं?

मी काकूंकडे पाहिलं. काकू हसल्या, आणि इंग्रजीत म्हणाल्या, “ओह, किड्स.”

मुलांनी केलंय म्हणे. आईच्या वाकड्या अंगठ्याखाली उभं राहून काकू म्हणाल्या, मुलांनी केलंय. त्या संपूर्ण ऋतूत मला सगळ्यांत जास्त चीड आली ती त्या एका शब्दाची. डोरोथीनेही मग समजुतीने मान हलवली आणि म्हणाली की खोली मूळ काळासारखी करता आली तर फार शोभेल, हल्ली त्या काळच्या नक्षीचे कागद पुन्हा छापतात. तिने पानांचं नाव विचारलंच नाही, कारण पोरखेळाला नाव नसतं.

रविवारी काकूंनी कागद आणला. मी त्यावर नजर टाकली आणि डोकं धरलं. पान द्राक्षाच्या वेलीसारखं, फूल डेलियाच्या जवळचं, त्यातून फुटणारं फळ डाळिंबासारखं, आणि या सगळ्यांना विळखे घालून बांधणारे ताणे भोपळ्याचे. अशी वेल पृथ्वीवर उगवत नाही. हे त्या काळच्या नक्षीचं तत्त्वच होतं: झाड जसं आहे तसं काढायचं नाही, ते दाबून सपाट करायचं, डावं-उजवं सारखं करायचं, आणि एकाच्या मानेवर दुसऱ्याचं डोकं बसवायचं. नेच्यांच्या, म्हणजे फर्नच्या, वेडापायी त्या काळच्या लोकांनी डोंगर ओरबाडले, दूरदेशीची रोपं जहाजांतून आणून काचेच्या घरांत कोंडली, आणि त्यांच्या नक्षीची पानं भिंतींवर छापली. त्या छापाच्या हिरव्या रंगात कित्येकदा सोमल हे विष असे. लेकराला झोपवायचं ती खोली सोमलाच्या पानांनी हिरवीगार. वरच्या पट्टीवर तर आपली कोयरीच बसवली होती. काकूंच्या पैठणीवर ती आयुष्यभर होती, आणि दुकानदाराने तिला स्कॉटलंडमधल्या एका गावाच्या नावाने हाक मारून परत काकूंनाच दिली.

हे सगळं मी त्या रात्री जेवताना बोलले. बोलले म्हणजे भाषण केलं. काकांनी मधे एकदा लोणचं मागितलं. मी म्हटलं, मी याचं एक पत्रक लिहिते, येणाऱ्यांच्या हातात देऊ. काकू पोळीला तूप लावत होत्या.

“पत्रक नको, वैजू. येणाऱ्यांना चहा दे.”

“काकू, तुम्ही आईंच्या अंगठ्यावर खळ फासणार आहात.”

त्यांनी पोळी माझ्या ताटात टाकली. “तुला बोलायला काय जातं गं. तू दोन वर्षांनी डिग्री घेऊन जाशील. मी इथे मुलगी वाढवतेय. इतकी वर्षं झाली, या गल्लीतलं एक माणूस माझ्या घरात आलेलं नाही. पोर्चवरून ‘लव्हली हाउस’ म्हणतात आणि जातात. एकदा तरी येऊ देत ना आत. मग सांगेन सगळं. आधी येऊ तर देत.”

त्यांचं खरं होतं. म्हणून मी अधिकच चिडले.

कागद आम्हीच लावला, घराघरांत असतं तसं कुरकुरत, एकमेकांवर खेकसत. बादलीत खळ, जमिनीवर वर्तमानपत्रं, शिडीवर काका. खोलीत ओल्या पिठासारखा वास. कागदाचा पहिला पट्टा हातात घेऊन काका म्हणाले, वरची बाजू कुठली? वेलीचा ताणा एकीकडे, डाळिंबाची फळं दुसरीकडे. मला विचारलं, कारण मी झाडांची तज्ज्ञ. मी पट्टा उलटा धरला, सुलटा धरला. ज्या झाडाला मूळच नाही, त्याचं वर-खाली मी कशावरून ओळखणार?

काकूंनी मात्र क्षणाचाही विचार केला नाही. “दाराभोवतीची पानं खालीच लोंबतात. चढणारं तोरण पाहिलंय का कुणी?”

पटलं सगळ्यांना. पानांची टोकं जमिनीकडे करून आम्ही पट्टे लावत गेलो. चौकटीचा उजवा खांदा शेवटी राहिला. तिथला कागद काकूंनी कुणाला लावू दिला नाही. स्वतः शिडीवर चढल्या, दोन्ही तळव्यांनी कागद वरून खाली दाबत आणला, आणि त्या एका जागी हात जरा जास्त वेळ राहिला. मग खाली उतरून म्हणाल्या, “चला, आवरा.”

त्याच आठवड्यात दसरा आला. नेहमीची माणसं आली. श्रीखंडाचा वास, कोट काढताना आत येणारी थंडी, बुटांचा ढीग. कुणी आयसेलिनहून झेंडू मिळाल्याची बातमी आणली आणि सगळ्यांनी त्या फुलांचा वास घेऊन पाहिला. लोक कागदाचं कौतुक करत होते आणि सवयीने बाह्या मागे सारून बशी कुठे आहे ते शोधत होते. मग आठवून हात खिशात घालत होते. मीनल त्या वर्षी चौदाची होती. तिला कशाचंच काही वाटत नाही, असा तिचा सगळ्यांशी करार होता. ती कागदाजवळ उभी राहून म्हणाली, “सो व्हेअर डू आय गो धिस इयर?”

काकू म्हणाल्या, “यंदा नको, सोन्या. डोरोथी आंटी येऊन जाऊ दे.”

गेल्या वर्षीचं मीनलचं पान जिथे होतं, तिथे कागदावर एक डाळिंब छापलेलं होतं. तिने त्यावर अंगठ्याचं नख टेकवलं आणि काढून घेतलं.

शनिवारी सकाळी ऊन असं पडलं होतं, की मेपल पेटल्यासारखे दिसत होते. काकूंनी चिवडा केला होता, नानकटाई केली होती, आणि वेलची घातलेला चहा मोठ्या पातेल्यात तयार होता. पैठणी नेसल्या होत्या. डोरोथी फुलांचा गुच्छ घेऊन लवकर आली. समोरच्या खोलीत दोन पावलं टाकून ती थांबली. तिने मान आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलवली.

“शैला, डिअर,” ती हळूच म्हणाली, “इट्स अपसाइड डाउन.”

वेल वर चढायला हवी होती. त्या नक्षीत वेली चढतात. फळ लोंबत असलं तरी ताणा आढ्याकडे जातो. गल्लीतल्या सगळ्यांना ते दिसणार होतं. काकूंनी तोरणाचं सांगायला तोंड उघडलं, पण घाईघाईच्या सकाळी तोरण इंग्रजीत कसं सांगायचं? डोरोथीने त्यांचा हात हातात घेतला. ती खरोखर मायेने बोलत होती. लोक बारकाईने बघतात, उगाच काहीतरी बोलतील आणि तुला वाईट वाटेल, असं ती म्हणाली. यंदा बाहेरूनच दाखवू या. पोर्च इतका सुंदर आहे.

आणि मग दिवसभर लोक आले. पोर्चवर उभे राहिले. सूर्यफुलाकडे बोट दाखवलं, खांबाच्या झालरी पाहिल्या. एक बाई म्हणाली, आतून किती छान वास येतोय, आणि हातातला नकाशा उलगडून पुढच्या घराकडे निघाली. मी बाहेर जाऊन ओरडणार होते. माझ्या जिभेवर अख्खं पत्रक तयार होतं. काकूंनी माझं मनगट धरलं. “गप्प बस,” म्हणाल्या. “माझं घर आहे ते.” दुपारनंतर पातेल्यातल्या चहावर साय धरली. नानकटाई आम्हीच आठवडाभर खाल्ली.

त्या घरात कुणी आत तर आलं नाहीच, आणि भिंतही गेली. मी कागदाचा एक कोपरा भिजवून उचलून पाहिला होता. मुलांचा पाण्यातला रंग तो. खळीत विरघळून कागदाच्या पाठीला पिवळट डाग तेवढा लागला होता. मी कोपरा परत चिकटवला. काकूंनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्यांना ते ठाऊक होतं असं मला वाटतं.

मला वाटलं होतं, त्या कागद फाडून काढतील. मी असते तर फाडला असता. काकूंनी तसाच ठेवला. चांगला कागद आहे, टाकायचा कशाला, म्हणाल्या. अजून आहे. दर फोनवर मी विचारते, आणि दर फोनवर माझं रक्त नव्याने उकळतं. नक्षीचा मला राग नाही, हे आता मला कळतं. माणसाला भिंत मोकळी बघवत नाही. गुहेतही बघवली नसेल. गिरणीतून दमून आलेली आमची शेजारीणसुद्धा उंबऱ्यावर रांगोळीची दोन पावलं काढल्याशिवाय चूल पेटवत नसे. माझा राग आहे तो या गोष्टीवर, की जे पान कुणाच्याच हातचं नाही ते शोभेचं, आणि ज्याच्यात माणूस उभा आहे ते पोरखेळ. आणि हे ठरवताना आपण स्वतःच आधी मान डोलावतो. डोरोथीने खोडायच्या आत काकूंनी खोडलं होतं, त्या एका शब्दाने.

परवा काकूंचा फोन आला. मीनल आता कॉलेजला गेली आहे, दूर. जायच्या आदल्या दिवशी तिने खोली आवरली, बॅगा भरल्या. ती गेल्यावर काकू समोरच्या खोलीत केर काढत होत्या. दाराच्या उजव्या खांद्याशी, आईंचं पान होतं तिथेच, त्या उलट्या वेलीवर, डाळिंबांच्या मधोमध त्यांना दोन अंगठे दिसले. सोनेरी, मोठ्या माणसाचे. एक सरळ; आणि दुसरा मुद्दाम जरा तिरका टेकवलेला.

“पुसलंत का?” मी विचारलं.

“कागद धुवायचा नाहीये,” काकू म्हणाल्या. “त्यावर लिहिलंय तसं.” मग म्हणाल्या, दसऱ्याला डोरोथीला बोलवावं की काय, असं मनात येतंय. आता ती काठी घेऊन चालते, पोर्चच्या पायऱ्या तिला जड जातात. मी म्हटलं, बोलवा. तर म्हणाल्या, बघू. हे ‘बघू’ ऐकून मी फोन आपटणार होते.

पण काकूंचं ते घर आहे, त्यांचं त्या ठरवतील. तुमचं घर तुमचं आहे, म्हणून तुमच्याशी बोलते. भिंतीवर कागद असेल तर असू द्या, माझा आग्रह नाही. या दसऱ्याला मात्र एका बशीत सोनेरी रंग काढा. जो माणूस इतकी वर्षं तुमच्या पोर्चवरूनच परत गेला आहे, त्याला दार उघडून आत घ्या आणि त्याचे दोन अंगठे तुमच्या भिंतीवर टेकवून घ्या. आणि त्याने विचारलं की हे काय आहे, तर कृपा करून, मुलांनी केलंय असं म्हणू नका. आपटा म्हणा. मग ज्याचा ठसा ज्या जागी आहे, त्या जागी बोट ठेवून त्या माणसाचं नाव सांगा.